विरजण बाजूला काढलंत ना?

मैत्रिणींनो, दही संपायच्या आत चमचाभर विरजणाला बाजूला काढायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण मला उशिरा आलं.

गेल्या पावसाळ्यात वीज गेली, आली, आणि घरचा संगणक सुरूच होईना. नशिबाने माझ्या भाच्याने दिवाळीत 'क्लोनझिला' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने सी ड्राइव्हची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवली होती. इमेज म्हणजे त्या कप्प्याचा त्या दिवशीचा हुबेहूब ठसा.

तो आला, पेन ड्राइव्ह लावून म्हणाला, "मामी, चहा होईस्तोवर काम होईल." इमेज परत घालण्याआधी तो प्रोग्राम "नक्की ना?" असं एकदा नव्हे, दोनदा विचारतो. पहिला होकार देऊन झाला, आणि माझ्या काळजात चर्र झालं. "अरे थांब! डेस्कटॉपवर आईच्या ओव्या आहेत!"

शिमग्याला माहेरी गेले तेव्हा आईच्या ओव्या मी मोबाईलवर भरून आणल्या होत्या. मे महिन्यात आई गेली. मोबाईलही नंतर बदलला. माझी समजूत, सीमध्ये आपण काही ठेवतच नाही. पण डेस्कटॉप नि डॉक्युमेंट्स सहसा सीमध्येच असतात! आणि इमेज परत घालणं म्हणजे भर घालणं नव्हे. कप्पा पुसून तिथे दिवाळीचा दिवस आणून ठेवणं. नंतरचं सगळं जातं.

भाच्याने दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून ओव्या आधी बाहेर काढल्या. एक लावून पाहिली. आईचा आवाज ऐकला, डोळे पुसले, मग म्हटलं, "हं, आता दे होकार."

तेव्हा पदराला गाठ मारून ठेवा. इमेज दुसऱ्या डिस्कवरच ठेवा. त्याच डिस्कच्या डी कप्प्यात ठेवलीत, तर डिस्क बिघडल्यावर दोन्ही जातील. ती शाबूत आहे का, हे तपासायची सोय त्याच प्रोग्राममध्ये आहे. जिथे परत घालायची, तो कप्पा मूळच्याएवढा किंवा मोठा हवा. आणि आधी नंतरच्या वस्तू काढून घ्या.

फार जुनं विरजणही उपयोगाचं नाही बरं का! मी आता दर संकष्टीला नवी इमेज घेते. चंद्रोदयाची वाट बघता बघता काम होऊन जातं.