दादाच्या आजाराचं नाव

परवा सात महिन्यांच्या नातवाला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मुलगा, सूनबाई आणि मी. बाळाचा एक वृषण जन्मापासून खाली उतरलेला नाही. आता आपोआप उतरण्याची आशा कमी, तेव्हा दीड वर्षाच्या आत छोटी शस्त्रक्रिया करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. अशा मुलांना पुढे तरुणपणी वृषणाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. शस्त्रक्रिया वेळेत झाली तर तो कमी होतो. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला झाला होता का?"

मुलगा पटकन म्हणाला, "नाही."

मी म्हणालो, "झाला होता. माझ्या थोरल्या भावाला."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. काका पोटाच्या दुखण्यानं गेले, असंच आम्ही त्याला आजवर सांगत आलो.

दादा १९७३ साली गेला, सव्विसाव्या वर्षी. गाठ त्याच्या हाताला वर्षभर आधीच लागली होती. दुखत नव्हती, आणि सांगणार कुणाला? पंचवटीतल्या वाड्यात वडिलांसमोर आम्ही मान वर करून बोलत नव्हतो. पाठ दुखायला लागली, धाप लागायला लागली, तेव्हा मुंबईला नेलं. उशीर झाला होता. रामकुंडावर दहावं झालं आणि आईनं सगळ्यांना बजावलं, "पोटाचं दुखणं म्हणायचं." ताईचं लग्न व्हायचं होतं ना!

पुढच्याच वर्षी, १९७४ साली, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीनं या रुग्णांना द्यायला सुरुवात केली, आणि पसरलेला आजारही बरा होऊ लागला. आपल्या युवराज सिंगला छातीत झालेली गाठ याच जातीच्या पेशींची होती. २०१२ साली तिकडेच उपचार घेऊन तो त्याच वर्षी पुन्हा भारतासाठी खेळला. आज हा आजार लवकर सापडला तर बहुतेक सगळे बरे होतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातही उपचार होतात.

आपल्याकडे हा आजार तसा दुर्मिळ, वर्षाला लाख पुरुषांत एकालाही होत नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. पण वडिलांना झाला असेल तर मुलाचा धोका चार ते सहा पट आणि सख्ख्या भावाला झाला असेल तर आठ ते दहा पट मानतात. म्हणजे दादा गेला तेव्हा घरात सगळ्यात जास्त धोका मला होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

शाळेतही तेच. प्रजननाचा धडा आला की "घरी वाचा" म्हणून पानं उलटायची. बदली तासाला गेलो की मीही तेच केलं.

तर नात्यातल्या मंडळींनो, आज सांगून टाकतो. पंधरा ते पस्तीसच्या मुलांना हे जास्त लागू. महिन्यातून एकदा गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर स्वतःच बोटांनी हलकेच चाचपून बघावं. एक बाजू थोडी मोठी किंवा खाली असणं, मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागणं, यात काही वावगं नाही. पण न दुखणारी कडक गाठ, एका बाजूला वाढ, जडपणा, किंवा ओटीपोटात-जांघेत बोथट दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवावं. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीनं बरंचसं कळतं. दुखत नाही म्हणून थांबू नये. दादा तिथेच फसला.

घरी आल्यावर मुलानं एवढंच विचारलं, "बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहिलं.