काकांची एकवीस वर्षे

आमचे धाकटे काका १९७१ च्या पावसाळ्यात माडावरून पडले. माड ओला होता, कमरेला दोर नव्हता. शेजारीपाजारी धावून आले आणि चौघांनी हातपाय धरून त्यांना बैलगाडीत घातले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. त्यांचा डावा पाय माझ्या हाती होता. काकांचा कणा मोडला होता. त्यानंतर एकवीस वर्षे ते खाटेवर होते. १९९२ साली ते गेले, तेव्हा दाखल्यावर मृत्यूचे कारण न्यूमोनिया असे लिहिले गेले. माडाचा उल्लेख कोठेच नव्हता.

जगातील दुखापतींचा हिशेब पूर्वी मुख्यतः मृत्यूंच्या आकड्यांवरूनच मांडला जाई. जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालाने एक निराळे माप पुढे आणले. अकाली मृत्यूने हिरावलेली वर्षे आणि अपंगावस्थेत काढलेली वर्षे, त्या अवस्थेच्या तीव्रतेनुसार वजन देऊन, त्यात एकत्र मोजली जातात. हे प्रथम वाचले तेव्हा मला वाटले, काकांच्या एकवीस वर्षांना अखेर कोणाच्या तरी वहीत जागा मिळाली. मात्र त्यांच्या उशाशी बसून काकींनी काढलेली वर्षे त्याही वहीत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दुखापतींमुळे दरवर्षी सुमारे ४४ लाख माणसे प्राणास मुकतात. त्यांपैकी सुमारे ६ लाख ८४ हजार केवळ पडल्यामुळे. आपण याला नशीब म्हणून मोकळे होतो. विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरांनी मात्र अपघाताचे तीन टप्पे पाहायला शिकवले: घडण्याआधीचा, घडतानाचा आणि घडल्यानंतरचा. प्रत्येक टप्प्यावर माणसाला काही करता येते.

मी हे तिन्ही टप्पे काकांना लावून पाहिले. चार दिवस उघडीप पाहून चढता आले असते. कमरेला दोर बांधता आला असता. आणि पडल्यावर त्यांना तसे ओढून न उचलता, मान व पाठ सरळ राखून फळीवरून नेता आले असते. कणा पडताना पुरता मोडला की आमच्या हातांनी, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आमच्या मायेत उणे नव्हते; उणे होते ते ज्ञानात.

आज आमच्या वाडीत दोराशिवाय कोणी माडावर चढत नाही. पडवीत एक रुंद फळी उभी करून ठेवली आहे. ती कशासाठी आहे, हे घरातल्या मुलांनाही मी समजावून सांगितले आहे.