काळ्या गोट्यांची वाट
(वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष)

सावरगाव हे माझे आजोळ. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला लागून, जाम नदीच्या दुसऱ्या काठावर ते वसले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून गोटमार होते. त्या एका दिवसापुरते वर्तमानपत्रांना सावरगाव आठवते. एरवी ते संत्री आणि कापूस पिकवणारे साधे गाव. शाळा-कचेरीत हिंदी, घरात आणि बांधावर मराठी. घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी बोलत वाढलेल्या माझ्यासारख्या बेळगावकडच्या मुलाला तिथे परके वाटत नाही. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात शेजारचे सौंसरही आले. या सौंसरच्या परिसरात मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. त्या सायकलवरून पाहायच्या, असे मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठरवले.

खाणीच का, असे कोणीही विचारील. त्याचे निम्मे उत्तर आमच्या अभ्यासक्रमात आहे. वाणिज्य शाखेत 'रॉयल्टी अकाउंट्स' नावाचे एक प्रकरण असते. जमिनीचा मालक खाण भाड्याने देतो आणि काढलेल्या प्रत्येक टनामागे रॉयल्टी घेतो. माल कमी निघाला तरी ठरलेली किमान रक्कम त्याला मिळतेच. तिला 'डेड रेंट' म्हणतात. दुसऱ्या एका प्रकरणात खाण ही झिजणारी मालमत्ता असल्याचे शिकवतात. जितका माल निघेल त्या प्रमाणात तिची किंमत कमी करीत न्यायची. माल संपला की खाते शून्यावर येते आणि वही मिटते.

उरलेले उत्तर माझ्या पणजीचे, म्हणजे आईच्या आजीचे आहे. मी तिला पाहिलेले नाही. सौंसरजवळच्या एका खेड्यातली ती मुलगी लग्नाआधी खाणीवर गोटे फोडायला जात असे. म्हातारपणीसुद्धा तिच्या तळहाताच्या रेघा काळ्याच होत्या, असे आई सांगते. रॉयल्टीची उदाहरणे सोडवताना मला पुष्कळदा वाटे, या हिशेबात ती कुठे बसते? 'मजुरी' या एका शब्दात ती येऊन जाते आणि वर्षअखेरीस नफा-तोटा पत्रकात नाहीशी होते.

मामांना माझा बेत पसंत नव्हता. "काहून रे बाबू, तिथं काय पाहाचं हाय? खड्डेच त हायेत!" पण मामीने दशम्या बांधून दिल्या, मामांनीच त्यांच्या जुन्या काळ्या सायकलच्या चेनला तेल घातले आणि मामेभावाला बरोबर धाडले. सौंसरला मावशी राहते, म्हणून मुक्कामाचीही सोय होती.

पांढुर्णा ते सौंसर हे अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर. मोटारीत बसले तर तासाभरात उरकते, आणि माणसाला कळते एवढेच की आपण पोहोचलो. सायकलवर पायांना जमीन कळते. पांढुर्ण्याकडे काळी कपाशीची माती, बसाल्टचा दगड, संत्र्यांच्या बागा. आपल्या ओळखीचा दख्खनच तो. मोहगाव मागे पडले आणि पुढे कुठे कुठे माती फिकट होऊ लागली. वाटेच्या कडेला पांढऱ्या गारगोट्या दिसू लागल्या, अभ्रकाचे कण उन्हात चमकू लागले. लाव्हाची चादर इथे संपते आणि तिच्याखालचा फार जुना खडक उघडा पडतो. कोट्यवधी वर्षे उष्णता आणि दाब सोसून बदललेल्या या खडकांच्या समूहाला भूशास्त्रज्ञ 'सौंसर' हेच नाव देतात. एका तालुक्याच्या गावाचे नाव विज्ञानाच्या पुस्तकात गेले, याचे मला उगाचच कौतुक वाटले.

ते नाव टिकले. जवळच्याच सीतापारचे मात्र टिकले नाही. लुईस ली फर्मोर या इंग्रज भूशास्त्रज्ञाने भारतातल्या मँगनीजवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. तो १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. सीतापारच्या खाणीत सापडलेल्या एका खनिजाला त्याने 'सीतापाराइट' असे नाव दिले होते. पुढे लक्षात आले की अमेरिकेतल्या यूटामध्ये हेच खनिज आधी सापडले असून १८९७ मध्येच त्याचे 'बिक्सबाइट' असे बारसे झाले आहे. मग सीतापारचे नाव गळाले. फर्मोरनेच नाव दिलेला 'गोंडाइट' हा मँगनीजयुक्त खडक मात्र गोंड लोकांची आठवण अजून ठेवून आहे.

मँगनीजवाचून पोलाद होत नाही. वितळलेल्या लोखंडातला प्राणवायू आणि गंधक ते बांधून घेते, पोलादाला चिवटपणा देते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात खाणींची एकच झुंबड उडाली. १९०५ च्या सुमारास रशियातल्या अशांततेमुळे तिकडचा माल अडला आणि इकडचा भाव चढला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत तोच भाव कोसळला. बाजार दूर युरोपात हलायचा आणि काम सौंसरच्या बाईचे मिळायचे किंवा जायचे. मागणी-पुरवठ्याचा आलेख आम्ही वहीत काढतो. त्याचे दुसरे टोक हे असे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीकडून निघून आम्ही पूर्वेला वळलो. डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेने गेल्यावर एक बंद पडलेली खाण लागली. आत खोल, हिरवट पाणी. काठावर बाभळी आणि पळस. भोवताली काळसर दगडांच्या लांबट टेकड्या. मी एक दगड उचलला. मुठीएवढाच, पण हाताला चांगलाच जड. बोटांना काजळीसारखा काळा रंग लागला. पणजीच्या तळहाताच्या रेघा मला तेव्हा समजल्या.

तिथे शेळ्या चारणारे एक बाबा भेटले. आम्ही त्यांना रामराम केला आणि ते बोलते झाले. त्यांची आईही याच कामावर जाई. "हातोडीनं फोडे. काळं निंगालं त मापात, पांढरं निंगालं त फेकून. माप भरलं तवा पैसे." मग आमच्या पायांखाली काठी टेकवून ते म्हणाले, "तुमी उभे हाये ना पोरंहो, हे डोंगर नोहे. हे बायांनी टोपल्याटोपल्यानं टाकलं हाय."

मी खाली पाहिले. इतका वेळ ज्याला आम्ही टेकडी समजत होतो, ते डोक्यावरून वाहून टाकलेले ओझे होते. खड्ड्यातले काळे मोल रेल्वेने आणि बोटीने गेले, मालकाच्या वहीत जमा झाले. बायांनी वेचून फेकलेले मात्र इथेच राहिले, आणि त्यावर आता गवत उगवते. त्यांच्या कष्टाची एवढीच नोंद मला सापडली. ती कोणत्याही वहीत नाही, पण तिच्यावर चढता येते.

आमच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मी युरोपातल्या पीटच्या जमिनींविषयी वाचले होते. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून सरपणासारखा जाळतात. इंग्लंडमधल्या नॉरफोकची प्रसिद्ध तळी मध्ययुगात पीट खणल्यामुळे झाली, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर सिद्ध झाले. तोवर लोक ती निसर्गानेच केली असे समजत. हॉलंडात पीट खणलेल्या मुलखातून आज सायकलींचे मार्ग जातात. आपल्याकडे असे का होऊ नये? चार पाट्या लावाव्यात, सीतापारचे नाव लिहावे, टोपलीवाल्या बायांविषयी दोन ओळी लिहाव्यात. मी हे उत्साहाने मामेभावाला सांगितले. तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "दादा, आदी कुंपण घाला म्हणा, मंग पाटी. पोरं पोहाले येतात इथं. काठ धसला का संपलं."

त्याचे खरे होते. खाण बंद करताना जमीन सुरक्षित कशी करायची याचा आराखडा देणे २००३ च्या नियमांनी सक्तीचे झाले. २०१५ पासून खाणीच्या जिल्ह्यांसाठी खनिज निधीही असतो. पण त्याआधी कित्येक वर्षे सोडून दिलेल्या खड्ड्यांना आता मालक कोण? भाडेकरू गेला, कंपनी गेली, वही मिटली. उरले ते गाव, आणि त्या गावाची पोरे.

'डेड रेंट' या शब्दाचा अर्थ मला परीक्षेपुरता ठाऊक होता. माल निघो न निघो, जी रक्कम द्यावीच लागते ती. खाण मेल्यावरही एक भाडे चालूच राहते आणि ते गाव भरत असते, हे मात्र पुस्तकात नव्हते. आमचे प्राध्यापक रागावणार नसतील तर मला सुचवायचे आहे की या प्रकरणाच्या शेवटी एक उदाहरण वाढवावे: खाणीचे खाते शून्य झाले आहे, आता खड्ड्याची, टेकडीची आणि पाण्याची शिल्लक कोणाच्या नावे पुढे न्यावी?

हे उदाहरण सोडवायला सौंसरपर्यंत जायला नको. खाणीला मराठीत खाण, कानडीत गणि आणि मामांच्या बोलीत खदान म्हणतात. खड्डा सगळीकडे सारखाच. संडूरला मँगनीज आहे, आपल्या चंदगडकडे बॉक्साइट आहे, आणि गावोगावी दगडाच्या खाणी तर आहेतच. एखाद्या रविवारी सायकल काढा आणि त्यांतल्या सर्वांत जवळच्या खाणीवर जाऊन या. तिथे कोणी म्हातारे माणूस भेटले तर त्याच्याजवळ थोडे बसा. दशम्या मात्र बरोबर न्या. अशा वाटेवर हॉटेल नसते.