मुक्तीतील अंध भगिनी

गतवर्षी पाय मोडल्यामुळे मी नागभीडच्या घरी तीन महिने अंथरुणाला खिळलो होतो. ज्याने आयुष्यभर शाळा चालविली, त्याला पाण्याचा तांब्याही मागून घ्यावा लागे! त्या दिवसांत पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले.

१८९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आपल्याबरोबर नेल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात अंध स्त्रियाही असत. शेतात वा मागावर त्या काय करणार? रमाबाईंची कन्या मनोरमा हिने त्यांना ब्रेल लिपी शिकविली. बोटांनी अक्षरे चाचपीत त्या वाचू लागल्या. ज्यांना तेही जमेना, त्यांनी इतरांसाठी प्रार्थना करावी. ख्रिस्ती श्रद्धेच्या त्या घरात प्रार्थना हेही कामच होते. माझा धर्म निराळा. परंतु पडल्यापडल्या या गोष्टीने मला मोठा धीर दिला.

स्वतः रमाबाईंना उतारवयात ऐकू येत नसे. १९२१ मध्ये मनोरमाही निवर्तली. तरीही खेड्यांतील बायाबापड्यांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत सोडले नाही.