मृत की निद्रिस्त?

मावळातल्या कातळांवर वैशाखात करपलेले शेवाळ पाहून आमचे विद्यार्थी म्हणतात, "हे मेले." आम्हांस ते मान्य नाही. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिल्या त्या पेशी खरोखरीच मृत होत्या; नुसत्या रिकाम्या भिंती! येथील पेशींची गोष्ट निराळी. जवळजवळ सारे पाणी जाते, श्वसन थंडावते. परंतु शर्करा त्यांची नाजूक आवरणे सावरून धरते, घडण मोडत नाही. मृगाची सर येताच काही वेळात व्यवहार पुन्हा सुरू! शेवाळांखेरीज गवते, नेचे इत्यादी अशा ६२ जाती पश्चिम घाटात असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२४ साली नोंदविले. लोणावळ्यास एका बंगल्याच्या आवारातील असाच कातळ 'वाळका कचरा' म्हणून खरवडला जाताना आम्ही पाहिला. मृगास पंधरा दिवस उरले होते.