पाना आधी, बंदूक मग

‘टीम फोर्ट्रेस 2’मध्ये इंजिनिअर घेऊन एकट्यानं खेळायचं असेल, तर शस्त्रं निवडताना बंदुकीपासून सुरुवात करू नये. आधी पाना ठरवावा, मग दुसऱ्या कप्प्यातलं यंत्र, आणि बंदूक सर्वांत शेवटी. हा खेळ नुकताच शिकू लागलेल्या माझ्या मावसभावाला मी हेच सांगितलं, तर तो म्हणाला, “ताई, पण गोळ्या तर बंदुकीतूनच सुटतात ना?” इंजिनिअरच्या बहुतेक गोळ्या त्याच्या हातातून सुटतच नाहीत. त्या त्यानं उभारलेल्या सेंट्रीतून सुटतात, आणि सेंट्री पान्यानं बांधली जाते.

हा खेळ व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनं ऑक्टोबर 2007मध्ये आणला. त्याची मुळं 1996मध्ये आहेत. ऑस्ट्रेलियातल्या तीन तरुणांनी ‘क्वेक’ या खेळात फेरफार करून पहिला ‘टीम फोर्ट्रेस’ बनवला होता. खेळात नऊ प्रकारचे लढवय्ये आहेत. हेवीची ताकद 300, सोल्जरची 200, आणि इंजिनिअरची 125. समोरासमोर उभं राहिलं तर तो टिकत नाही. त्याच्याजवळ असतो जास्तीत जास्त 200 धातू. त्यातून तो शत्रू दिसताच आपोआप गोळीबार करणारी सेंट्री, दारूगोळा नि औषधपाणी देणारा डिस्पेन्सर आणि सोबत्यांना मागून पुढं आणणारे टेलिपोर्टर उभे करतो. साध्या सेंट्रीला 130 धातू लागतो. तिची पातळी वाढवायला प्रत्येक वेळी 200. म्हणजे रॉकेट सोडणारी तिसऱ्या पातळीची सेंट्री 530ला पडते, आणि खिशात एका वेळी 200च मावतो. उरलेला कुठून आणायचा, तो आणेपर्यंत अर्धवट सेंट्रीची राखण कोण करणार, इथूनच एकट्या इंजिनिअरचा विचार सुरू होतो.

एका बाजूला बारा जण असतात, मग मी एकटी कशी? आमचं घर शहागंजात, घंटाघराच्या मागच्या गल्लीत. खाली अप्पांचं हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही. जून 2011मध्ये हा खेळ फुकट झाला, तेव्हा मी डिप्लोमाला होते. शहराला औरंगाबादच म्हणत आणि भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असे. दिवसभर हातगाड्या, भाजीवाले, रिक्षांचे हॉर्न, चमनसमोरची गर्दी. खेळायला बसता यायचं ते दुकानाचं शटर पडल्यावर, सगळे झोपल्यावर. माइक मी लावत नव्हते. एक तर शेजारच्या खोलीत आजी झोपलेली. दुसरं म्हणजे मुलीचा आवाज ऐकू आला की सामना बाजूला राहतो आणि भलत्याच गप्पा सुरू होतात, हे मी इतर मुलींच्या बाबतीत ऐकत होते. कुठं राहतेस, खरंच मुलगी आहेस का, फोटो आहे का. मला सेंट्री बांधायची होती, या प्रश्नांची उत्तरं द्यायची नव्हती. त्यामुळं अकरा अनोळखी सोबती आणि मी, न बोलता. ‘माझ्या डिस्पेन्सरपाशी थांबा’, ‘मागून स्पाय येतोय’ असं मी सांगू शकत नव्हते. जे सांगायचं ते बांधून सांगायचं.

म्हणून पाना. साधा पाना सर्वांना माहीत असतो आणि तो वाईट मुळीच नाही. शत्रूच्या स्पायनं सेंट्रीला ती निकामी करणारा सॅपर चिकटवला की साध्या पान्याच्या दोन फटक्यांत तो निघतो. ‘जॅग’ नावाचा पाना बांधकाम 30 टक्के जास्त वेगानं करतो, पण दुरुस्ती 20 टक्के कमी करतो आणि सॅपर काढायला तिसरा फटका मागतो. पाठीमागं राखण करणारा पायरो असेल तर जॅग उत्तम. एकट्या माणसाला तो तिसरा फटका महाग पडतो, कारण तोवर स्पाय वळून सुरी काढतो. तरीही मी बचावाच्या सामन्यात जॅगच घेत असे. मोडलेलं पुन्हा उभं करायला मला मदतनीस नव्हता, आणि मदतनीस नसला की वेगच मदतनीस होतो. ‘युरेका इफेक्ट’नं क्षणात तळावर जाऊन भरलेल्या खिशानं टेलिपोर्टरमधून परत येता येतं. लांबलचक नकाशांवर, जिथं तळापासून चालत यायला वेळ जातो, तिथं हा पाना माझ्या मते जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही.

पण एकट्यासाठीच घडवल्यासारखं हत्यार म्हणजे ‘गनस्लिंगर’. जुलै 2010च्या इंजिनिअर अपडेटमध्ये तो आला. तो पाना नाही, लोखंडी पंजा आहे. तो घातला की ताकद 125वरून 150 होते, आणि मोठ्या सेंट्रीऐवजी 100 धातूची छोटी सेंट्री मिळते. तिची पातळी वाढत नाही, गोळीतला मारही निम्माच, पण ती बघता बघता उभी राहते. ती मोडली तर खिशात आणखी 100 शिल्लक असतोच, लगेच दुसरी. हल्ल्याच्या बाजूनं खेळताना मी पंजा घालून पुढच्यांच्या मागोमाग जाई, कोपऱ्यावर छोटी सेंट्री टाकी आणि शत्रू तिच्याकडं वळला की दुसऱ्या बाजूनं शॉटगन चालवी. सेंट्री इथं किल्ला राहत नाही, लक्ष वेधून घेणारा जोडीदार होते. जोडीदार नसलेल्याला याहून काय हवं?

आता इंटरनेट. आमच्याकडच्या ब्रॉडबँडवर सामना बहुधा सिंगापूरच्या सर्व्हरवर लागे आणि पिंग शंभराच्या वर. मी बटण दाबलं की त्याचा परिणाम दिसायला क्षणभराचा उशीर. स्नायपर किंवा स्काउट घेणाऱ्याला हा उशीर फार जाचतो. सेंट्रीला मात्र तो लागू नाही, कारण तिचा नेम सर्व्हर स्वतः धरतो. शहागंजातली वायर कशीही असो, माझी सेंट्री सिंगापुरातल्या माणसाच्या सेंट्रीइतक्याच चपळाईनं वळते. हे कळलं त्या दिवसापासून मी निवडीचा एकच निकष धरला. जे काम यंत्र माझ्यापेक्षा चांगलं करतं ते यंत्राकडं सोपवायचं, आणि यंत्र बंद पडल्यावर काय करायचं यासाठी हातातलं शस्त्र निवडायचं.

याच निकषावर मी ‘रँग्लर’ बाजूला ठेवला. पुष्कळ जाणते खेळाडू रँग्लरला इंजिनिअरचं सर्वांत जबरदस्त साधन मानतात, आणि तसं मानायला आधार आहे. त्यानं सेंट्री आपल्या हाती येते, दुप्पट वेगानं गोळीबार करते, एरवीच्या पल्ल्यापलीकडं मारते आणि भोवती ढाल येऊन दोन तृतीयांश मार अडतो. पण नेम धरणारा आता मी आणि माझं पिंग. शिवाय हात रँग्लरमध्ये अडकले की पाना चालत नाही. ढाल असताना दुसरा इंजिनिअर दुरुस्ती करत असेल तर हे छान जमतं. एकटीला दोन्ही जमत नाही. मी दुसऱ्या कप्प्यात साधं पिस्तूल ठेवलं. बारा गोळ्या, नेम सोपा, आणि आपलाच वेष घेऊन जवळ येणाऱ्या माणसावर दोन गोळ्या झाडून तो स्पाय आहे का हे तपासायला त्याहून सोयीचं काही नाही. ‘शॉर्ट सर्किट’चा गोळा समोरून येणारी रॉकेटं हवेतच नाहीशी करतो, पण त्यासाठी धातूच खर्चतो. एकट्याच्या खिशातला धातू इतका उधळण्यासाठी नसतो.

आणि मग बंदूक. ‘रेस्क्यू रेंजर’ दुरून सेंट्री दुरुस्त करते, तिचं कौतुक मला आहे. ‘विडोमेकर’ काडतुसांऐवजी धातूवर चालते आणि नेम लागला तर दिलेल्या माराइतका धातू परत देते. माझं मन मात्र ‘फ्रंटियर जस्टिस’वर बसलं. तिच्यात सहाऐवजी तीनच काडतुसं मावतात, पहिल्यांदा पाहिल्यावर कुणी हात लावणार नाही. पण सेंट्रीनं मारलेल्या प्रत्येक शत्रूमागं दोन आणि मारायला हातभार लावलेल्यामागं एक असे जबर मारे ती सेंट्रीच्या खाती जमा करते, आणि सेंट्री मोडली की ते सगळे बंदुकीत उतरतात. असा एक मारा जवळून पूर्ण लागला तर 180चा घाव बसतो. हेवी आणि सोल्जर सोडले तर पूर्ण ताकदीचा कुणीही एका काडतुसात पडतो. अट एकच, तोवर तुम्ही जिवंत राहायचं. मेलात की जमा शून्य. म्हणून ही बंदूक घेणारा इंजिनिअर सेंट्रीला मिठी मारून बसत नाही. तो दोन पावलं बाजूला, आडोशाला उभा राहतो.

आडोसा कुठं, हे मला दौलताबादनं शिकवलं. शाळेच्या सहलीपासून कितीदा तरी तो किल्ला चढले आहे, शहरापासून साधारण 15 किलोमीटरवर तर आहे. पायथ्याचे दरवाजे एका रेषेत नाहीत. एकातून आत गेलं की भिंत आडवी येते आणि वळावं लागतं, त्यामुळं हत्तीला धाव घ्यायला जागा उरत नाही. आणखी वर अंधारी, जिथं आत शिरणाऱ्याला पुढचं दिसतच नाही. बुरुजावरची मेंढा तोफ आपल्या खुंटावर फिरते. गाइड सांगतात की ती मुद्दाम किल्ल्याकडं पूर्ण वळू नये अशी बसवली आहे. सेंट्री बसवताना मी हेच बघत आले: समोर लांब सरळ रस्ता नको, कारण तिचा पल्ला मर्यादित आणि सोल्जरचं रॉकेट त्याच्या बाहेरून येतं. वळण हवं. शत्रू वळला की त्याला ती दिसावी आणि त्याच क्षणी तिलाही तो दिसावा.

‘अपवर्ड’ नावाच्या नकाशावरचा एक सामना मला खास आठवतो. रमजानचा महिना होता, सिटी चौकापासून शहागंजापर्यंत बाजार रात्रभर जागा, खिडकीतून अत्तरवाल्यांचे नि कपडेवाल्यांचे आवाज येत होते. आम्ही बचावाला. शत्रूनं जिंकण्यासाठी ढकलत न्यायची गाडी शेवटच्या खड्ड्याजवळ आणलेली, आमच्यातले चार-पाच जण सामना सोडून गेलेले. मी वळणामागं तिसऱ्या पातळीची सेंट्री उभी केली होती, जॅग, पिस्तूल आणि फ्रंटियर जस्टिस. सेंट्रीनं तिघांना टिपलं. मग त्यांचा मेडिक आपल्या डेमोमनला ऊबर देऊन घुसला. ऊबर म्हणजे आठ सेकंद त्या दोघांना काही होत नाही. पाना मारत बसले असते तर सेंट्रीबरोबर मीही गेले असते. मी मागच्या खोक्याआड गेले. सेंट्री फुटली, सहा मारे बंदुकीत आले. ऊबरची चमक विझेपर्यंत थांबले आणि बाहेर आले. पहिलं काडतूस मेडिकला, 150 ताकदीचा तो लगेच पडला. दुसरं डेमोमनला, 175चा. तिसऱ्यानं मागून आलेला पायरो. तिन्ही काडतुसं संपली, भरायला वेळ नव्हता, पण गाडीजवळ त्यांचं कुणी उरलं नव्हतं आणि घड्याळ संपलं. सोबतच्या कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं, “एंजी भाई, मान गये.” मी भाई नव्हते. तरी आनंद झाला, तो अजून ताजा आहे.

2020 नंतर या खेळात बॉट स्नायपर माजले. न चुकणारा नेम, दिसताच डोक्यात गोळी. मे 2022मध्ये आणि पुन्हा जून 2024मध्ये जगभरच्या खेळाडूंनी ‘सेव्ह टीएफ 2’ आणि ‘फिक्स टीएफ 2’ म्हणत कंपनीकडं दाद मागितली, आणि 2024च्या उन्हाळ्यात कंपनीनं बॉटांवर मोठी कारवाई केल्यावर सामने पुन्हा खेळण्याजोगे झाले. त्या वाईट वर्षांत कितीतरी जण सोडून गेले, आणि ज्या खेळात इतक्या लोकांनी आपल्या रात्री ओतल्या तो असा सडत ठेवला गेला याचा राग मला आजही येतो. मी टिकले ते वळणांमुळं. स्नायपरला लांब सरळ रेषा लागते, आणि ती मी कधी दिलीच नव्हती.

मावसभावाला मी चार संच लावून दिले. बचावाला जॅग, पिस्तूल, फ्रंटियर जस्टिस. हल्ल्याला गनस्लिंगर, पिस्तूल, पुन्हा फ्रंटियर जस्टिस. छोटी सेंट्री वरचेवर फुटते, म्हणजे मारेही वरचेवर हाती येतात. लांब नकाशाला युरेका आणि साधी शॉटगन. चौथा संच वेगळा आहे: साधा पाना, रँग्लर, रेस्क्यू रेंजर. बाजूला दुसरा इंजिनिअर येऊन तुझ्या सेंट्रीवर न सांगता पाना मारायला लागला, की तळावर जाऊन तो घ्यायचा, आणि मग ढाल धरायचं काम आपण करायचं.