ना हरकत

सध्या तंजावरला तात्पुरत्या ड्यूटीवर आहे. लेक मावशीबरोबर सिंगापूरला निघाली आहे. आईबाप सोबत नाहीत म्हणून एजंटने दोघांचंही नोटरी केलेलं संमतिपत्र मागितलं. बायकोचं पुण्यात झालं, माझं इथे. पासपोर्ट नंबर, तारखा, मावशीचं नाव लिहिलं. ‘इयत्ता’ आलं आणि अडलो. नववी की दहावी? बायकोला फोन करून विचारलं. नोटरीसाहेब सभ्यपणे खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुपारी शिवगंगा बागेजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये गेलो. तिथे फ्लॅक्समनचं संगमरवरी शिल्प आहे: मृत्युशय्येवरच्या पाद्रीचा हात धरलेले आपले सरफोजीराजे. १७८७ साली मरणोन्मुख तुळजाजींनी नऊ वर्षांच्या या दत्तक मुलाचा सांभाळ करण्याची विनंती या जर्मन माणसाला केली. पुढे मुलगा शिकायला मद्रासला गेला. जन्मदात्या आईला कुणी विचारलं असेल का?

खडकवासल्याला निघालो तेव्हा मी सतरा वर्षांचा. कागदांवर बाबांची सही लागली. त्यांनी एकदाही न वाचता केली, पेन खिशाला लावलं आणि आईला चहा टाकायला सांगितलं. तेव्हा मला ते कोरडे वाटले होते.

संध्याकाळी लेकीला फोन लावला. उचलला नाही. बॅग भरत होती म्हणे.